गंधक कोण काढतं, आणि कोणाला तो काढावाच लागतो?

चुनखडी (धागाकर्ता)
सोम, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. ३१ गळीत हंगाम साखर कारखान्यात काढून निवृत्त झालो, शेवटचे बारा हंगाम चीफ केमिस्ट म्हणून. इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे. हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आपली साखर पांढरी होते ती गंधकामुळे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उसाच्या रसात चुन्याचं दूध सोडायचं आणि त्याच वेळी गंधक जाळून त्याचा वायू सोडायचा. गाळ खाली बसतो, वर निवळ रस राहतो. पुढे पाक झाला की त्याच्यातून पुन्हा एकदा वायू. टनभर उसाला साधारण अर्धा किलो गंधक लागतो. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ४,००० टन गाळप, १५० दिवसांचा हंगाम, म्हणजे झाला ३०० टन. गोदामात एका भिंतीला छतापर्यंत पोती लागायची. भट्टीच्या काचेतून पाहिलं की आत निळी ज्योत, आणि तिच्याखाली तांबूस काकवीसारखा वितळलेला गंधक. बाहेर सांडलेला गंधक भर उन्हात पेटला तर ज्योत दिसतही नाही. आधी खोकला येतो, मग कळतं.

धाग्याचं कारण २००८ चं आहे. त्याआधी टनाला शंभर डॉलरच्या आतबाहेर असणारा गंधक त्या उन्हाळ्यात चढत चढत ८०० डॉलरवर गेला. आमचे परचेसवाले घाबरले. हंगामात मिळालाच नाही तर? म्हणून ऑगस्टमध्येच अख्ख्या हंगामाचा माल उचलला. कोटीच्या घरात बिल गेलं. नोव्हेंबरात मोळी पडली तोवर भाव कोसळलेला. पुढच्या वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, अमेरिकेत कारखान्याच्या दारात गंधकाचा सरासरी भाव टनाला दोन डॉलरच्याही आत होता. दोन डॉलर! त्या भावात आमच्याकडे टनभर चांगली माती येत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न. कोणत्या वस्तूचा भाव वर्षभरात आठशेवरून दोनवर येतो? कांदासुद्धा इतका पडत नाही. निवृत्तीनंतर सवडीने वाचत बसलो आणि लक्षात आलं की आपल्याला मुळातच चुकीचं शिकवलं होतं. शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र आणि खाली 'गंधक' हा शब्द. मी वीस वर्षं गंधक जाळत होतो आणि मनात ज्वालामुखीच होता. प्रत्यक्षात माझ्या भट्टीतला जवळजवळ प्रत्येक किलो कुठल्यातरी तेल शुद्धीकरण कारखान्यातून नाहीतर वायूच्या विहिरीतून आलेला होता.

आता आकडे. जगात वर्षाला ८ कोटी टनांच्या थोडा वर गंधक निघतो. पहिला चीन, १ कोटी ८०-९० लाख टनांच्या आसपास. मग अमेरिका ८०-८५ लाख, रशिया आणि सौदी अरेबिया ७० लाखांच्या आगेमागे, अमिराती साठेक लाख, कॅनडा ५० लाख, कझाकस्तान ४० ते ५० लाख. आपण ३५ लाखांच्या आसपास. कतार, कोरिया, जपान प्रत्येकी तीसेक लाख. ही यादी पाहून मला वाटलं, वा, खाणींची यादी दिसते. खाणींची नाहीच ती. यातले दहातले सात-आठ भाग तेल आणि वायू साफ करताना निघालेले. उरलेल्यात मुख्य वाटा तांबं-जस्त वितळवताना धुराड्यातून पकडलेल्या वायूचा, थोडा पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) भाजून काढलेला, आणि अस्सल जमिनीतला पिवळा गंधक अगदी चिमूटभर. ठरवून गंधक काढणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळ्यांना तो नको असतो, पण काढावाच लागतो.

म्हणून तर भाव असा नाचतो. भाव वाढला म्हणून कोणी जास्त गंधक काढत नाही आणि पडला म्हणून थांबवत नाही. डिझेल खपतंय तोवर गंधक येत राहणार. उसाची मळी आठवा. मळीला गिऱ्हाईक नाही म्हणून गाळप बंद ठेवलंय, असा कारखाना मी तरी पाहिला नाही.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः आखातातले लोक इथे आहेत असं वाचल्याचं आठवतं.

---

भातुकली
सोम, रात्री १०.२२

पहिला धागा आणि एवढा छान! माझा बाळबोध प्रश्न: वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांना गंधकाचा वास येतो. लहानपणी आजी तिथे आंघोळ करायला लावायची, दोन दिवस अंगाला उकडलेल्या अंड्याचा वास. मग तिथे गंधक नाही का निघणार?

---

चुनखडी
सोम, रात्री १०.४०

ताई, तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक त्या बाबतीत फारच तिखट आहे. हवेच्या दहा लाख भागांत एकाचा शंभरावा भाग असला तरी कळतं. त्यामुळे वास भरपूर, माल शून्य. कुंडाच्या पाण्यावर कारखाना चालवायचा तर आजी गेली तरी पहिलं पोतं भरायचं नाही.

नाव घेण्याजोगे नैसर्गिक साठे आपल्याकडे नाहीतच. बिहारमध्ये अमझोरला पायराइटची सरकारी खाण होती, तीही बंद पडली.

---

शंकासुर
सोम, रात्री ११.०५

लेख चांगला, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत.

१. चीन पहिला म्हणता, आणि सगळीकडे वाचतो की चीन गंधकाचा सगळ्यात मोठा आयातदारही आहे. पहिल्या नंबरवाला आयात कशाला करेल?

२. भारतात बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा कडक नियम) आलं, डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० वर आला. मग आपल्याकडे गंधकाचे डोंगर व्हायला हवे होते. तरी आपण आयात करतो. हिशेब जमत नाही.

---

चुनखडी
मंगळ, सकाळी ६.३०

शंकासुर, दोन्ही मुद्दे चांगले. दुसऱ्यासाठी सकाळी उठून कागद-पेन्सिल घेतली.

देशात वर्षाला डिझेल खपतं ९ कोटी टनांच्या आसपास. ५० पीपीएम म्हणजे टनामागे ५० ग्रॅम, १० पीपीएम म्हणजे १० ग्रॅम. फरक ४० ग्रॅमचा. गुणिले ९ कोटी = ३,६०० टन. अख्ख्या देशाच्या बीएस-६ मधून निघालेला गंधक आमच्यासारख्या बारा कारखान्यांच्या एका हंगामाचा! मीही थक्क झालो, तीनदा शून्यं मोजली.

आता उलटं बघा. नव्वदीच्या सुरुवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचा. आजचं डिझेल तेवढं घाण असतं तर त्यात ९ लाख टन गंधक बसला असता, आणि तो सगळा आपल्या फुप्फुसांत. म्हणजे खरा माल आधीच्या पायऱ्यांवर निघून गेला होता. शेवटच्या ४० ग्रॅमसाठी रिफायनऱ्यांनी हजारो कोटी घातले, ते गाडीचा फिल्टर आणि कॅटॅलिस्ट टिकावा म्हणून. गंधक विकायला नव्हे. शिवाय रिफायनरीतल्या गंधकाचा मोठा वाटा डिझेलपेक्षा तळाच्या जड तेलात असतो. आखाती जड क्रूडमध्ये दोन-तीन टक्के गंधक असतो, आणि जामनगरला वर्षाला सहा कोटी टनांवर क्रूड जातं. गुणाकार तुम्हीच करा.

तरी आयात का, तर खत. गंधक जातो गंधकाम्लात, तिथून फॉस्फेटच्या खतात. पारादीपचे खत कारखाने एकटेच केवढा खातात! जगभरच सुमारे ९० टक्के गंधकाचं शेवटी आम्लच होतं.

चीनचं उत्तर यादीतच लपलंय. त्यांच्या आकड्यात पिवळा गंधक आहे, तांब्याच्या भट्ट्यांतून थेट आम्ल झालेला गंधक आहे आणि पायराइटमधलाही आहे. सगळ्याचं वजन एकाच रकान्यात. आपण ऊस, गूळ आणि साखर एकत्र मोजून 'गोड पदार्थ' म्हणावं तसं. आणि खताची भूक एवढी की वर ७० लाख ते १ कोटी टन बाहेरून घेतात.

---

जुनी पानं
मंगळ, दुपारी १.१५

वा चुनखडीकाका, लिहित राहा! इतिहासाची थोडी भर.

ज्वालामुखीचं चित्र अगदीच खोटं नाही, उशिरा छापलं गेलं एवढंच. एकोणिसाव्या शतकात गंधक म्हणजे सिसिली. जगातला बहुतेक माल त्या एका बेटावरून. डोंगरउतारावर दगडांचे ढीग रचायचे, वरून लिंपायचे आणि त्यातलाच थोडा गंधक पेटवून द्यायचा, त्या आचेने बाकीचा वितळून खाली वाहायचा. म्हणजे घरातलं तूप जाळून उरलेलं तूप कढवायचं. खाणीत ओझी वाहायला लहान मुलं, त्यांना 'कारूसी' म्हणत. आईबापांना आगाऊ रक्कम द्यायची आणि ती फिटेपर्यंत पोर खाणीत. बरीचशी पोरं वाकलेल्या पाठीनेच मोठी झाली.

१८३८ मध्ये नेपल्सच्या राजाने (सिसिली तेव्हा त्याचीच) या व्यापाराचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला. इंग्रजांच्या कारखान्यांना गंधकाम्ल लागायचं, ते भडकले आणि १८४० मध्ये आरमार पाठवलं. मक्ता रद्द झाला. पण इंग्रज कारखानदार एकदा पोळले ते पायराइटकडे वळले, आणि सिसिलीचं मोठं गिऱ्हाईक कायमचं पातळ झालं. भाव चढवून धरणाऱ्याने हे वाचावं.

सिसिलीला खरा धक्का दिला हर्मन फ्राश या जर्मन-अमेरिकन रसायनतज्ञाने. लुइझियानात गंधक होता, पण वर वाळूचा दलदलीसारखा थर आणि विषारी वायू. खाण खणली की माणसं मरायची. फ्राशने माणूस खाली पाठवलाच नाही. एकात एक तीन नळ्या सोडल्या. एकीतून दाबाखालचं उकळत्याहून तापलेलं पाणी खाली, सगळ्यात आतलीतून दाबलेली हवा, आणि वितळलेला गंधक फेसाळत वर. डिसेंबर १८९४ मध्ये पहिल्यांदा जमलं. त्या गावाचं नावच सल्फर.

आता गंमत ऐका. या फ्राशने त्याआधी नाव आणि पैसा कशावर कमावला होता? ओहायोच्या घाणेरड्या वासाच्या तेलातून गंधक काढून टाकण्यावर! तेलातून गंधक काढणारा आणि जमिनीतून गंधक काढणारा माणूस एकच. शंभर वर्षांनी त्याच्या पहिल्या विद्येने दुसरीला खाल्लं. तेलातून निघालेला गंधक इतका स्वस्त झाला की अमेरिकेतली शेवटची फ्राश पद्धतीची खाण २००० साली बंद झाली. आता या पद्धतीची नाव घ्यावी अशी खाण पोलंडमध्ये, ओसिएकला.

---

अर्धवट
मंगळ, दुपारी १.५०

"घरातलं तूप जाळून उरलेलं तूप कढवायचं" हे आमच्या सोसायटीच्या कमिटीला लागू आहे. बाकी चालू द्या, वाचतोय.

---

रुवैसकर
मंगळ, रात्री ११.३०

ड्यूटी संपवून आता बसलोय. अबू धाबीत १४ वर्षं, मूळचा चिपळूणचा. हाक मारल्यासारखी वाटली म्हणून लिहितो.

इथे दक्षिणेला वाळवंटात शाह नावाचं वायुक्षेत्र आहे, २०१५ पासून चालू. तिथल्या वायूत २३ टक्के हायड्रोजन सल्फाइड. आकडा नीट वाचा, टक्के. हवेत याचे हजार पीपीएम असले तर एक-दोन श्वासांत माणूस आडवा होतो. आणि विहिरीत २ लाख ३० हजार. वर भातुकलीताईंनी वासाचं लिहिलंय. खरा धोका हा की शंभर पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो. म्हणून प्रत्येकाच्या खिशाला मीटर, १० पीपीएमला बोंबलतो. सगळीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे टांगलेले. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे म्हणून दाढी रोज करायची, सूट नाही. आमच्यातल्या श्रावण पाळणाऱ्यांची पंचाईत होते ती वेगळीच.

हे अतिरेकी वाटत असेल तर चीनमधलं २००३ चं आठवा. २३ डिसेंबरच्या रात्री चोंगछिंगजवळ काइ-शियानला अशाच वायूची विहीर फुटली. २४३ माणसं गेली, बहुतेक झोपलेले शेतकरी.

आता या विषाचा गंधक कसा होतो. क्लाउस नावाच्या रसायनतज्ञाची १८८३ ची पद्धत, आजही तीच, पुढे सुधारलेली. वायूचा एक तृतीयांश भाग जाळायचा, त्याचा होतो सल्फर डायऑक्साइड, म्हणजे चुनखडीकाकांच्या भट्टीतला वायू. तो उरलेल्या दोन तृतीयांशांशी भिडला की गंधक आणि पाणी. दोन विषं एकमेकांना मारून पिवळी ढेकळं होतात. माझी आवडती रिअॅक्शन.

निघतो तो द्रव असतो, मधाच्या रंगाचा. त्याचे लाड फार. ११५ अंशांच्या खाली गेला की नळीत गोठतो. तापवावा म्हटलं तर १६० च्या पुढे एकदम चिकट होतो, डिंकासारखा, पंप रडायला लागतो. बहुतेक पदार्थ तापवले की पातळ होतात, हा उलटा. म्हणून १३०-१५० च्या मध्ये ठेवायचा, नळीभोवती वाफेची नळी, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. मग त्याचे साबुदाण्यासारखे गोळे पाडतात. शाहमधून दिवसाला नऊ-दहा हजार टन निघतात.

एवढा माल न्यायचा कसा? ट्रकने नेला तर रस्ताच उरायचा नाही. म्हणून अमिरातीच्या राष्ट्रीय रेल्वेचा पहिला टप्पा बांधला गेला तो माणसांसाठी नाही, गंधकासाठी. २६४ किलोमीटर, शाह आणि हबशानपासून रुवैस बंदरापर्यंत. शंभरावर वाघिणींची गाडी वाळवंटातून जाते. आमच्याकडे पाहुणे आले की तीच दाखवतो, दाखवण्यासारखं दुसरं काय आहे इथे.

---

भातुकली
बुध, सकाळी ८.१०

जावयाची उपमा __/\__

आणि मी आता कुंडावर जाणार नाही.

---

रुवैसकर
बुध, सकाळी ८.४५

जा हो बिनधास्त. उघड्यावरच्या कुंडात काही होत नाही. बंद विहिरीत आणि ड्रेनेजच्या खड्ड्यात उतरणाऱ्यांनी मात्र वासावर भरवसा ठेवू नये. दरवर्षी आपल्याकडे मॅनहोलमध्ये माणसं मरतात, त्यांच्या मारेकऱ्यांत हाच वायू असतो. तिथे पाच-सात हजारांचा मीटरही कोणी देत नाही.

---

पश्चिमवारा
बुध, सकाळी ९.३० (इथे मंगळवारची रात्र)

आयला, म्हणजे तो गंधक होय! आम्ही व्हँकुव्हरमध्ये. स्टॅनली पार्कात फिरायला गेलं की खाडीच्या पलीकडच्या काठावर एक झगझगीत पिवळा डोंगर दिसतो. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढी हळद कोण खातं इथे?" आम्ही हसलो, पण उत्तर आम्हालाही येत नव्हतं. नंतर शेजाऱ्याने सांगितलं की अल्बर्टातून आगगाडीने येतो आणि जहाजाने आशियात जातो. पावसाळी राखाडी दिवशी शहरात तेवढंच एक रंगीत दिसतं. कधी डोंगर मोठा, कधी छोटा.

---

चुनखडी
बुध, सकाळी १०.१५

सासूबाईंना नमस्कार सांगा. सांगलीकर असतील तर प्रश्न अगदीच रास्त आहे.

बंदराला पोचलेला गंधक नशीबवान म्हणायचा. अल्बर्टात उत्तरेला फोर्ट मॅकमरेजवळ तेलवाळूतून (डांबरासारखं तेल मिसळलेल्या वाळूतून) निघालेला गंधक वर्षानुवर्षं तिथेच ओतून ठेवलाय, मोठमोठे पिवळे चौथरे, थरावर थर. विकायला काढावा तर गाडीभाडंच मालाच्या किमतीबाहेर जातं. यादीत तो 'उत्पादन' म्हणून मोजला जातो, बाजारात मात्र कधी येईल तेव्हा. कझाकस्तानात तेंगिझ तेलक्षेत्रावरही असेच लाखो टनांचे ढीग होते. सरकारने २००७ मध्ये उघड्यावर साठवला म्हणून तिथल्या तेलकंपनीला ६० कोटी डॉलरांवर दंड ठोकला.

उलट प्रकार रशियात नोरिल्स्कला. निकेल-तांब्याच्या भट्ट्यांचा गंधकी धूर तिथे कित्येक दशकं सैबेरियाची झाडं मारत होता. अखेर २०२३ मध्ये पकडायला लागले. पण आर्क्टिकमधून गंधक विकायला नेणं परवडेना, म्हणून आम्ल करून चुनखडीत मुरवतात आणि जिप्सम करून टाकून देतात. पकडला, पण आकड्यात नाही. जहाजांचंही तसंच. २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक साडेतीनवरून अर्ध्या टक्क्यावर आणायचा नियम झाला, तेव्हा अनेकांनी धुराड्यावर धुण्याचं यंत्र बसवलं. जुनंच तेल जाळायचं आणि धुतलेलं पाणी समुद्रात. ते कोणत्या देशाच्या रकान्यात धरणार?

---

काळीमाती
बुध, दुपारी ३.००

तासगाव भाग. साडेतीन एकर द्राक्ष. भुरीला (पानावरच्या बुरशीला) गंधक आमचा जुना दोस्त, ८० टक्के वाला फवारायचा नाहीतर पावडर धुरळायची. ऊन ३५ च्या वर गेलं की पान करपतं, म्हणून पहाटे. धुरळणीनंतर दोन दिवस डोळे चुरचुरतात, बायको जवळ येऊ देत नाही. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरीपण देतो.

मला एक सांगा. तुम्ही म्हणता जगाला हा नकोय, फुकट पडलाय. मग दुकानात किलोला शंभर-दीडशे कसा?

---

चुनखडी
बुध, दुपारी ४.२०

दादा, रास्त राग आहे. तुमच्या पुड्यात गंधक असतो, पण पैसे तुम्ही दळणाचे देता. फवारणीचा गंधक काही मायक्रॉनपर्यंत बारीक करावा लागतो, तेही ठिणगी न पडू देता, नाहीतर धूळ भडकते. मग पाण्यात विरघळल्यासारखा पसरावा म्हणून मिसळणारे पदार्थ, मग पॅकिंग, डीलर, त्याचा उधारीचा धोका. कच्चा माल त्यात चहातल्या वेलदोड्याएवढा.

---

काळीमाती
बुध, दुपारी ४.३५

उधारीचा धोका डीलरला नसतो साहेब, आम्हाला असतो. बाकी समजलं.

---

सेंदाईकर
बुध, रात्री ८.४०

जपानमधून. इथून उत्तरेला इवाते प्रांतात मात्सुओ नावाची गंधकाची खाण होती, एकेकाळी पूर्वेकडची सगळ्यात मोठी. डोंगरावर कामगारांसाठी पक्क्या इमारती, शाळा, दवाखाना, सगळं. बाकीचा जपान लाकडी घरात कुडकुडत होता तेव्हा यांच्याकडे वाफेने घरं गरम. लोक म्हणत, ढगांवरचं नंदनवन. मग रिफायनऱ्यांना तेलातून गंधक काढायची सक्ती झाली, तो गंधक जवळजवळ फुकट बाजारात आला आणि १९६९ मध्ये खाणीची कंपनी बुडाली.

मी गेल्या शरदात जाऊन आलो. धुक्यात काँक्रीटच्या चाळी उभ्या, खिडक्यांना काचा नाहीत, आत बर्च उगवलेत. पण खरी गोष्ट खाली दरीत आहे. खाणीतून अजूनही आम्लाचं पाणी वाहतं. ते नदीत जाऊ नये म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे शुद्धीकरण केंद्र चालतं, चोवीस तास, बारा महिने. चुनखडी टाकून पाणी शमवतात. काका, तुमचीच आयडी आठवली. खाण गेली, पगार गेले, बिल चालूच आहे.

---

शंकासुर
बुध, रात्री ९.३०

हिशेब पटला, दिलगिरी. पण मग मोठा प्रश्न उरतोच. उद्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या, तेल-वायू कमी झालं, तर हा फुकटचा गंधक येणार कुठून? खताला तर लागणारच.

(अवांतर: इंग्रजी 'सल्फर' हा शब्द संस्कृत 'शुल्बारि'वरून आला म्हणतात. शुल्ब म्हणजे तांबं, त्याचा अरि. खरं का?)

---

जुनी पानं
बुध, रात्री १०.०५

अवांतराचं आधी. कोशांत गंधकाला शुल्बारि आहे खरं, आणि गंधक तांब्याला काळं करतो हेही खरं. पण लॅटिनमध्ये 'सुल्पुर' फार जुना आहे, आणि संस्कृतातून तिकडे गेल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. व्हॉट्सअॅपवर फिरू द्या, इथे नको.

---

चुनखडी
बुध, रात्री १०.५०

शंकासुर, दिलगिरी कसली, तुमच्यामुळेच शून्यं मोजली.

हाच प्रश्न २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी मांडला. त्यांच्या मते गंधकाम्लाची मागणी २०४० पर्यंत २४.६ कोटी टनांवरून ४० कोटींवर जाईल, आणि तेल-वायू किती झपाट्याने कमी होतं त्यावर १० ते ३२ कोटी टनांची तूट पडू शकते. त्यात बॅटरीवाल्यांची भर. इंडोनेशियात निकेलच्या खनिजावर दाबाखाली गंधकाम्ल ओतून निकेल काढतात, ते विजेच्या गाडीच्या बॅटरीत जातं. म्हणजे विजेची गाडी तेल हटवते, तेलाबरोबर गंधक हटतो, आणि त्याच गाडीला गंधक लागतो.

माझं वैयक्तिक मत: एकदम आभाळ कोसळणार नाही. अल्बर्टाच्या चौथऱ्यांना गिऱ्हाईक मिळेल. जिप्सममध्ये गंधक पडून आहे, पायराइट आहे, फक्त त्यातून काढायला पैसा आणि ऊर्जा लागते. पण भाव मात्र त्या दिवशी खऱ्या अर्थाने 'उत्पादना'चा होईल. मला काळजी तुटीची कमी आणि इजेनची जास्त वाटते. पूर्व जावात कावाह इजेन ज्वालामुखीच्या विवरात आजही माणसं धुरात उतरून गंधकाची ढेकळं फोडतात आणि ७०-८० किलोची कावड खांद्यावर घेऊन कडा चढतात. पर्यटक रात्री निळ्या ज्वाळा बघायला जातात, त्याच वाटेवर. गंधक आजवर स्वस्त मिळत आला म्हणून असे ठिकाण एखाददुसरंच उरलंय.

---

रुवैसकर
बुध, रात्री ११.५५

तेवढ्यात एक: कच्चा माल फुकट असला तरी पकडायची यंत्रणा फुकट नाही बरं. कॅस्पियन समुद्रात काशागान नावाचं तेलक्षेत्र २०१३ मध्ये सुरू झालं आणि काही आठवड्यांत बंद. हायड्रोजन सल्फाइडने पाइपलाइनच्या पोलादाला भेगा पाडल्या. दोन्ही पाइपलाइनी बदलल्या, पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं. गंधक नंतर, आधी पोलाद.

---

अर्धवट
गुरु, सकाळी ७.२०

सगळं वाचलं. एकाच गोष्टीचं उत्तर मिळालं नाही. काका, ऑगस्ट २००८ मध्ये ज्याने ३०० टन गंधक उचलला, त्या परचेसवाल्याचं काय झालं?

---

चुनखडी
गुरु, सकाळी ७.४५

वार्षिक सभेत एका सभासदाने पोत्याचा भाव विचारला, बिचारा दहा मिनिटं आंतरराष्ट्रीय बाजार समजावत होता. सभासद म्हणाला, "ते राहू द्या, पावती कुठंय?" पावती होती, चोख होती. तरी त्याची बदली डिस्टिलरीला झाली. म्हटलं बरं झालं, तिथे गंधक लागत नाही.

तिथे गंधकाम्ल लागतं.

आणि त्याने जाताना टाकीभर घेऊन ठेवलं होतं, त्याच ऑगस्टात.